विमानतळावरील विश्रांतिगृह आणि आपलीं माणसें

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आतां असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा तरी मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा नात परदेशीं नाहीं. त्यामुळें जीं वडील माणसें एके काळीं पंढरपूर, नाशिक अथवा फार तर काशीपर्यंत जात, तीं आतां लंडन, सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्को हीं नांवें शेजारच्या गांवाप्रमाणें घेऊं लागलीं आहेत. मुलगा तिकीट धाडतो. आणि तो आईच्या गुडघ्यांची व वडिलांच्या कंबरेची काळजी करणारा असला, तर तें तिकीट वरच्या वर्गाचें, ज्यास 'बिझनेस क्लास' म्हणतात त्याचें, असतें. त्या तिकिटाबरोबर एक हक्क येतो, आणि त्याविषयीं घरांतील वृद्धांस पुष्कळदां कांहींच ठाऊक नसतें. तो म्हणजे विमान सुटेपर्यंत विमानकंपनीच्या राखीव विश्रांतिगृहांत, म्हणजे 'लाउंज'मध्यें, बसण्याचा. हें विश्रांतिगृह म्हणजे काय, तेथें कोणास जातां येतें, त्याचा खर्च कोण सोसतो, आणि मुख्य म्हणजे एकाच घरच्या चार माणसांपैकीं एकासच तें दार उघडलें तर बाकीच्यांनीं काय करावें, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाट पाहणाऱ्या प्रवाशाची सोय करणें ही कल्पना आपणांस नवी नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं (1725–1795) आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही तीर्थोतीर्थीं घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या, हें मराठी शाळेंतील मुलासही माहीत असतें. उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणें हें पुण्यकर्म समजलें जाई. पुढें 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि प्रवासाबरोबर वर्गही आले. डबे वेगळे, म्हणून हळूहळू बसण्याच्या खोल्याही वेगळ्या झाल्या. पहिल्या वर्गास वेताच्या आरामखुर्च्या आणि तिसऱ्या वर्गास फलाटावर स्वतःचें गांठोडें, ही व्यवस्था आपल्या आजोबांनीं पाहिली. आपल्या आगगाड्यांतून 'तिसरा वर्ग' हें नांव 1974 सालीं गेलें.

प्रवाशास कोठें बसूं द्यावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. 7 जून 1893 च्या रात्रीं दक्षिण आफ्रिकेंतील पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर, पहिल्या वर्गाचें तिकीट जवळ असूनही, मोहनदास गांधी या तरुण वकिलास गाडींतून खालीं उतरविण्यांत आलें, आणि ती थंडीची रात्र त्यांनीं तेथल्या प्रतीक्षागृहांत कुडकुडत काढली. त्या रात्रीनें त्यांच्या आयुष्यास कोणतें वळण लागलें, हें सर्वश्रुत आहे.

विमानतळावरील राखीव विश्रांतिगृहाचा जन्म अमेरिकेंतला. 1939 सालीं न्यूयॉर्क शहराचा ला गार्डिया विमानतळ सुरू झाला, आणि तेथें अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें 'ॲडमिरल्स क्लब' नांवाची बैठक उघडली. या प्रकारचें पहिलें विश्रांतिगृह म्हणून तिचाच उल्लेख करण्यांत येतो. आरंभीं तेथें पैसे देऊन जातां येत नसे. कंपनीस जे प्रवासी प्रतिष्ठित किंवा उपयुक्त वाटत, त्यांनाच निमंत्रण जाई. कोणास बोलवावें आणि कोणास वगळावें याचा निवाडा कंपनीचे अधिकारी करीत. अर्थात् पुढें यावर वाद झाले, आणि वर्गणी भरील तो सभासद, अशी रीत पडली. 1970 नंतरच्या दशकांत पहिला वर्ग व साधा वर्ग यांच्यामध्यें व्यापारी वर्ग निघाला, तेव्हां विश्रांतिगृह हें त्या तिकिटाचें एक अंगच बनलें. 1981 सालीं त्याच अमेरिकन कंपनीनें वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या मैलांचा हिशेब ठेवून त्यांस सवलती देण्याची योजना काढली, आणि इतर कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. 1992 सालीं इंग्लंडांत 'प्रायॉरिटी पास' ही संस्था निघाली. तिचें सभासदपत्र असलें म्हणजे विमान कोणत्याही कंपनीचें असो, तिच्याशीं जोडलेल्या विश्रांतिगृहांत प्रवेश मिळूं लागला. त्यानंतर या क्षेत्रांत बँका उतरल्या.

आपल्याकडील विमानांचा आरंभ मात्र अगदीं साधा होता. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें टपालाचें विमान स्वतः चालवीत आणलें. टपालाच्या पिशव्यांस विश्रांतिगृह लागत नाहीं. 8 जून 1948 रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान कैरो व जिनिव्हा या मार्गानें लंडनास निघालें, तेव्हां विमानानें विलायतेस जाणें ही मोजक्या श्रीमंतांची व अधिकाऱ्यांची गोष्ट होती. 2014 च्या फेब्रुवारींत मुंबईचें नवें दुसरें टर्मिनल प्रवाशांस खुलें झालें. तेथील पांढऱ्या उंच खांबांवरचें मोराच्या पिसाऱ्यासारखें छत आणि भिंतींवर मांडलेलीं देशोदेशींचीं नव्हे, तर आपल्याच प्रांतोप्रांतींचीं शिल्पें व चित्रें पाहून मन प्रसन्न होतें. अशा विमानतळावर रात्रीं दोनच्या सुमारास जावें, तर दादरच्या फलाटाची आठवण व्हावी इतकी गर्दी असते.

आतां आंतील व्यवस्थेविषयीं. प्रवेशाचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला तिकिटाच्या वर्गाचा, दुसरा त्या कंपनीच्या नित्य प्रवाशास मिळणाऱ्या वरच्या श्रेणीचा, आणि तिसरा बँकेच्या कार्डाचा. चौथा म्हणजे दारांत रोख शुल्क भरण्याचा. परंतु तो सर्वत्र खुला नसतो. आंत गेल्यावर मऊ खुर्च्या, मंद दिवे, वर्तमानपत्रें, दूरध्वनि भारित करण्याची सोय, स्वच्छ शौचकूप, आणि मोठ्या ठिकाणीं स्नानगृहही असतें. एका बाजूस झांकणाच्या भांड्यांतून ऊन पदार्थ मांडलेले असतात. आपल्या देशांत तेथें इडली, उपमा, पोहे, वरणभात, भाज्या, सूप, पाव, फळें व गोड पदार्थ बहुधा मिळतात. चहा-कॉफीचें यंत्र असतें. मद्याचीही मांडणी असते. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांवर तशा पाट्या असतात. तरी ज्यांचा नेम कडक आहे त्यांनीं विचारून घ्यावें, आणि उपवासाचा दिवस असल्यास राजगिऱ्याचे लाडू व खजूर आपल्याच पिशवींत ठेवावे.

हें सर्व 'फुकट' आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाहीं. विश्रांतिगृह विमानकंपनीचें स्वतःचें नसेल, तर चालविणाऱ्यास ती माणशीं ठराविक रक्कम देते आणि ती तिकिटाच्या किमतींतूनच येते. कार्डावर गेलें असतां तोच आकार बँक भरते. आणि बँक तो कार्डाच्या वार्षिक वर्गणींतून, आपल्या खरेदीवर दुकानदाराकडून मिळणाऱ्या अडतींतून आणि ज्यांचें देणें थकतें अशांच्या जबर व्याजांतून भरून काढते. आपल्या देशांत कार्डें इतकीं झालीं, कीं सकाळच्या वेळीं कित्येक विश्रांतिगृहांच्या दारांतच रांग लागूं लागली. मग अनेक बँकांनीं अट घातली, कीं मागील तिमाहींत अमुक हजारांचा खर्च कार्डावर झाला असेल तरच प्रवेश मिळेल. कांहीं तरुण मंडळी ही अट पुरी करण्यासाठीं नको असलेल्या वस्तु विकत घेतात, असें आम्हीं ऐकिलें आहे. दोन इडल्या आणि एक कप कॉफीसाठीं पन्नास हजारांची खरेदी करणें हा कोणत्या अर्थशास्त्राचा धडा आहे, हें घरांतील जमाखर्च ठेवणाऱ्या गृहिणीनेंच त्यांस विचारावें.

आतां ज्या प्रश्नासाठीं हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येऊं. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याच्या मुलाची मुंज लंडनास व्हावयाची होती. त्यानें आपल्या आईस, म्हणजे आमच्या वहिनींस, वरच्या वर्गाचें तिकीट धाडलें. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे अधू. आम्ही उभयतांनीं आपलीं साधीं तिकिटें काढलीं. विमान पहांटेचें, आणि हातीं तीन तास. विश्रांतिगृहाच्या दारांतील मुलीनें तिन्ही तिकिटें पाहून अत्यंत नम्रपणें सांगितलें, कीं आजीबाईंना आंत जातां येईल. बाकीच्या दोघांना येणार नाहीं.

वहिनींनीं पिशवी खांद्यावर घेतली आणि त्या मागें वळल्या. "भाऊजी, सासूबाई गेल्या त्या दिवसापासून या घरांत मीं एकटीनें ताट वाढून घेतलें नाहीं. आतां या वयांत तें शिकायचं का?" असें त्या म्हणाल्या. आम्हीं म्हटलें, "वहिनी, हें ताट नव्हे. हें औषध आहे. तुमचे पाय तीन तास लोंबकळत राहिले, तर विमानांत ते सुजतील." त्या ऐकावयास तयार नव्हत्या. अखेर त्या मुलीनेंच सुचविलें, कीं शुल्क भरल्यास सोबतीला एका माणसास घेतां येईल. रक्कम किरकोळ नव्हती. तरी ती आम्हीं भरली, आणि आमच्या कुटुंबास वहिनींबरोबर आंत पाठविलें. तिसऱ्याची रक्कम मात्र भरली नाहीं, कारण आमच्या पायांस कांहीं झालेलें नाहीं.

बाहेरच्या सार्वजनिक दालनांत आमच्या शेजारीं आखाती देशांत कामास निघालेले पांच-सहा मजूर बसले होते. प्रत्येकाजवळ एकसारखी पिशवी आणि कागदांचें पाकीट. त्यांतील एका मुलानें आपलें तिकीट पुढें करून दरवाजाचा क्रमांक विचारला. तो सोलापूर जिल्ह्यांतला निघाला. घरून आणलेल्या भाकरी संपल्या होत्या, आणि दुकानांतील चहाचा दर ऐकून ते सर्व पाण्याच्या नळाकडे गेले होते. दोन वर्षांनीं परत येणार, असें त्यानें सांगितलें. आम्ही बसलों होतों ती खुर्ची आणि त्याची खुर्ची एकच होती. कांचेच्या पलीकडील खुर्च्या वेगळ्या होत्या.

तासाभरानें वहिनी आपण होऊनच बाहेर आल्या. पाय लांब करून पडल्यानें गुडघ्यांस आराम वाटला होता. दहीभात व ताक घेऊन त्यांनीं रात्रीची गोळीही घेतली होती. "जागा छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण थंडी फार, आणि तिथं कुणी कुणाशीं बोलत नाहीं." आणि त्या आमच्या शेजारीं बसून सोलापूरच्या मुलाची विचारपूस करूं लागल्या.

यावर कोणी म्हणेल, कीं ही पाश्चात्त्यांची पैशाची संस्कृति; आमच्या घरांत असा भेद कधींच नव्हता. असें म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो, परंतु तें सत्य नव्हे. पंक्तिप्रपंच हा शब्द मराठींत आहे, तो कांहीं उगीच जन्मला नाहीं. आमच्या घरांत पुरुषांची पंगत आधीं उठे, आणि बायका मागाहून उरल्यासुरल्यावर बसत. स्टेशनावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशीं वेगळीं पिंपें असत. 20 मार्च 1927 रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉक्टर आंबेडकरांस हजारों माणसें घेऊन जावें लागलें, आणि त्यास विरोध करणारे कोण होते हें आपण विसरूं नये. विश्रांतिगृहाचें दार निदान जन्म विचारीत नाहीं. तें पैसा विचारतें. हा फरक थोडा नाहीं. पण ज्यांच्या पूर्वजांनीं जन्माच्या भिंती राखल्या, त्यांनीं पैशाच्या भिंतीकडे पाहतांना अधिक सावध राहावें, एवढेंच आमचें म्हणणें.

मग सुखसोयीस किंमत असूं नये काय? असावी. पैसे देऊन मऊ खुर्ची घेणें हें पाप नव्हे, आणि मुलानें कष्टाच्या कमाईंतून आईस ती दिली तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पाणी, बसावयास जागा, स्वच्छ शौचकूप आणि परवडेल असा घोटभर चहा या गोष्टी विश्रांतिगृहाबाहेरही मिळाल्या पाहिजेत. यांतील पहिल्या तीन आतां बहुतेक मोठ्या विमानतळांवर मिळतात. चौथीची सुरुवात 2024 च्या डिसेंबरांत झाली. त्या महिन्यांत कलकत्त्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' उघडला, आणि तेथें चहा दहा रुपयांस, पाण्याची बाटली दहा रुपयांस व सामोसा वीस रुपयांस मिळूं लागला. पुढें आणखी कांहीं विमानतळांवरही असे कॅफे निघाले. आमच्या मतें विमानतळाची परीक्षा त्याच्या विश्रांतिगृहावरून न करितां अशा टपरीवरून करावी.

जे आंत जातात त्यांच्यासाठीं कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अन्नाविषयीं. पैसे वसूल करण्याच्या बुद्धीनें भरलेलीं आणि अर्धीं टाकलेलीं ताटें तेथें ठिकठिकाणीं दिसतात. ज्यांच्या घरीं पानांत मीठही टाकूं देत नसत, त्यांचींच नातवंडें चार प्रकारचे केक घेऊन एकेक घांस खातात आणि उठतात. मुलांना प्रथम थोडें वाढावें, आणि मग हवें तर पुन्हां आणावें. फळें व बिस्किटें पिशवींत भरून नेणें तर आपल्या शिक्षणास शोभत नाहीं. दुसरी सूचना आवाजाविषयीं: दूरध्वनीवरील नातवाचें बोलणें सर्व दालनास ऐकविण्याचें कारण नाहीं. तिसरी सेवकवर्गाविषयीं. ताटें उचलणारीं मुलें रात्रभर उभीं असतात. त्यांना 'ए' म्हणून हांक मारूं नये. 'जरा पाणी देतां का?' असें म्हणावयास श्रम पडत नाहींत.

वृद्धांसाठीं थोडें व्यवहाराचें. पुष्कळ विश्रांतिगृहांत विमानाची घोषणा करीत नाहींत. शांतता राखावी म्हणून तसा नियमच असतो. यास्तव घड्याळ आणि दरवाजाचा क्रमांक यांकडे आपणच लक्ष ठेवावें. क्रमांक बदलूं शकतो, आणि मोठ्या विमानतळावर दरवाजा दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असतो. विमान सुटण्याच्या बऱ्याच आधीं तो बंद होतो. चाकांची खुर्ची हवी असेल, तर तिकीट काढतांनाच तसें कळवावें. आणि खुर्ची ढकलणाऱ्यास आपण विश्रांतिगृहांत बसणार असल्याचें व किती वाजतां न्यावयास यावें हें स्पष्ट सांगावें. औषधें सामानाच्या पेटींत न टाकतां हातांतील पिशवींत ठेवावींत. एक शाल अवश्य घ्यावी. प्रवेश बहुधा विमानापूर्वीं दोन-तीन तासांपुरताच असतो, म्हणून दुपारच्या विमानासाठीं सकाळपासून जाऊन बसण्याचा बेत करूं नये. कार्डावर जावयाचें असेल, तर तें कार्ड सध्यां चालतें कीं नाहीं, आणि बरोबरच्या माणसाचे पैसे पडतात काय, हें घरूनच पाहून निघावें; दारांत उभें राहून मुलाला परदेशीं दूरध्वनि करण्याची वेळ आणूं नये.

शेवटीं परदेशस्थ मुलामुलींस एक विनंति. वरच्या वर्गाचें तिकीट साध्या तिकिटाच्या कित्येक पट असतें. तेवढ्या पैशांत आईबरोबर सोबतीला बहीण, मामी किंवा एखादी भाची साध्या वर्गानें येऊं शकते, आणि पुष्कळदां कांहीं रक्कम उरतेही. कोणा आईस आडवें होऊन झोपतां येणें अधिक गरजेचें असेल. कोणास शेजारीं ओळखीचा चेहरा असणें. यांतील निवड मुलानें संगणकावर बसून परस्पर करूं नये. तिकीट काढण्यापूर्वीं आईस विचारावें, आणि ती 'तुला बरं वाटेल तसं कर' असें म्हणाली, तर दोन दिवसांनीं पुन्हां एकदां विचारावें.

असो. ज्या वाचक कुटुंबांस असे प्रसंग आले असतील, त्यांनीं ते आम्हांस अवश्य कळवावे. वडील माणसांस प्रवासांत कोणत्या सोयीचा खरोखर उपयोग झाला आणि कोणती केवळ शोभेची ठरली, यांची एक यादी करून पुढें केव्हां तरी ती या पृष्ठांतून देण्याचा आमचा विचार आहे.